पावती जन्माला येताना : दूध संस्थेच्या प्रोग्रामच्या प्रकल्प नोंदी

रविवार, ४ मे २०२५

जुना प्रोग्राम आज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढला. ज्याने लिहिला तो आता गावात नाही आणि मागे कागद काही ठेवलेला नाही, पण काम कसं चालतं ते कळतं. सकाळ-संध्याकाळ संकलनाला दूध येतं, लिटर मोजले जातात, नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) निघतं, दरपत्रकातून दर मिळतो, पावती फाटते. दर दहा दिवसांनी या सगळ्याची बेरीज होते, त्यातून पशुखाद्य आणि उचल वजा जाते आणि उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर जमा होते.

प्रोग्राममध्ये मात्र ‘पावती’ नावाची गोष्टच नाही. सभासद क्रमांकांची एक यादी, लिटरची दुसरी, फॅटची तिसरी, एसएनएफची चौथी, अशा समांतर याद्या आहेत. चाळिसावी पावती म्हणजे प्रत्येक यादीतला चाळिसावा आकडा, हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं. एका यादीतून एक आकडा काढला आणि दुसरीतून काढायचा राहिला, की तिथून पुढे प्रत्येकाच्या नावावर शेजाऱ्याचं फॅट चढतं. इथे तर फॅटच्या एकेका पॉइंटला पैसे आहेत. दोन म्हशी सांभाळणाऱ्या बाईने ६.८ फॅटचं दूध घातलं आणि तिला ५.९ चा दर लागला, तर तिच्या कष्टाचे पैसे दुसऱ्याच्या बिलात गेले. याद्या सरकल्यावर प्रोग्राम थांबतही नाही, बिनतक्रार बिलं छापत राहतो. मला हे सगळ्यात जास्त लागलं.

ठिगळं लावायची नाहीत असं ठरलं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहायचं. एका वेळी घातलेल्या दुधाचे सगळे आकडे एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या एका वस्तूत, एकत्र जन्माला येतील आणि एकत्रच राहतील, एवढी एक अट धरून पुढे जायचं.

सोमवार, ५ मे

क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट ज्यावरून बनतात ते साचे, कशाकशाचे करायचे ते सचिवांसोबत बसून ठरवलं. सभासद, दूधनोंद, दरपत्रक, कपात, बिल. फॅटचा वेगळा क्लास नको, तो नुसता आकडा आहे. ज्याला स्वतःची ओळख आहे आणि ज्याच्याबद्दल उद्या कोणी येऊन विचारू शकेल, त्याचा क्लास करायचा. “माझी मंगळवारची संध्याकाळची पावती दाखवा” असं सभासद म्हणतो, “माझं ६.८ दाखवा” असं कोणी म्हणत नाही.

नावं मराठीतच ठेवली. पायथॉन ३ ला देवनागरी नावं चालतात. भाषेचे राखीव शब्द इंग्रजीच राहतात आणि कोडमध्ये थेट लिहिलेले आकडेही इंग्रजी लागतात, पण क्लास, मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन), व्हेरिएबल यांची नावं खुशाल मराठीत लिहिता येतात. एक पथ्य पाळायचं. ‘अ‍ॅ’ लिहिताना बरेच कीबोर्ड मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात आणि पायथॉन ते नावात स्वीकारत नाही, म्हणून ‘अ‍ॅडव्हान्स’ऐवजी ‘उचल’. गावात तोच शब्द चालतो, त्यामुळे तसंही तेच बरोबर.

सकाळ आणि संध्याकाळ या दोन पाळ्यांसाठी इनम, म्हणजे ठरलेल्या मोजक्याच किमतींचा क्लास, वापरला. याचं एक वैशिष्ट्य इथेच टिपून ठेवतो. पाळी("सकाळ") असं लिहिलं तर दिसायला ते नवा ऑब्जेक्ट बनवल्यासारखं दिसतं, पण नवा काही बनत नाही. इनमचे ऑब्जेक्ट क्लास तयार होतानाच एकदा बनतात, नंतर कंस लावून मागितलं की असलेलाच शोधून दिला जातो. पाळ्या दोनच आहेत, तेव्हा ऑब्जेक्टही दोनच असणं योग्य.

मंगळवार, ६ मे

भाची सुट्टीला आली आहे. बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मदत करते म्हणाली. कोड वाचता वाचता तिने विचारलं, “मामा, क्लासच्या नावापुढे कंस लावले की आत नक्की काय होतं? सरांनी ‘ऑब्जेक्ट तयार होतो’ एवढंच सांगितलं.” प्रश्न चांगला होता, म्हणून बाकीचं काम बाजूला ठेवून आम्ही हीच एक ओळ घेऊन बसलो:

नोंद = दूधनोंद("१०४", "म्हैस", "७.५", "६.८", "९.१")

या ओळीत तीन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की पुढचे निम्मे घोटाळे टळतात.

आधी दूधनोंद हा क्लास स्वतःच एक ऑब्जेक्ट आहे हे मनात पक्कं हवं. पायथॉनने क्लासची व्याख्या वाचली तेव्हाच तो बनला, मेमरीत बसला, त्याला दूधनोंद हे नाव मिळालं. कंस लावणं म्हणजे त्या क्लासला हाक मारणं. जावा किंवा सी प्लस प्लसमध्ये यासाठी ‘न्यू’ हा शब्द आहे, पायथॉनमध्ये तो शब्द नाही, फंक्शनला हाक मारतो तशीच क्लासला मारायची.

हाक मारली की पहिल्यांदा डंडर न्यू चालतो. (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या नावांना आम्ही ‘डंडर’ म्हणतो.) तो त्या क्लासचा एक कोरा ऑब्जेक्ट बनवून देतो. कोरा म्हणजे त्यात लिटर नाहीत, फॅट नाही, काहीच नाही; ‘मी दूधनोंद आहे’ एवढीच त्याची ओळख. मग तो कोरा ऑब्जेक्ट आणि कंसातले आकडे डंडर इनिटकडे जातात. इनिटच्या पहिल्या जागेवर जो ‘सेल्फ’ असतो, तो हाच कोरा ऑब्जेक्ट. इनिट त्याच्यात सभासद भरतो, लिटर भरतो, फॅट भरतो. म्हणजे इनिट ऑब्जेक्ट बनवत नाही, बनलेला त्याच्या हातात येतो. म्हणूनच इनिटमधून काही परत पाठवायला गेलं तर पायथॉन टाइपएरर ही चूक दाखवतो.

तिसरी गोष्ट बरोबरच्या चिन्हाची. तयार ऑब्जेक्टला ‘नोंद’ हे नाव चिकटवलं जातं. ऑब्जेक्ट वेगळा, नाव वेगळं. लगेच खाली ‘दुसरी = नोंद’ असं लिहून दाखवलं आणि दुसरीचे लिटर बदलले. तिने पहिलीचे लिटर छापले, तेही बदललेले. कंस लागले नाहीत म्हणजे जन्म झाला नाही, एकाच पावतीला दोन नावं झाली. मग तिने स्वतःहून एक कोरी पावती यादीत ठेवून त्या यादीला तीनने गुणून बघितलं. तीन पावत्या दिसतात, पण तिन्ही जागांवर एकच ऑब्जेक्ट. आयडी, म्हणजे ऑब्जेक्टचा ओळख क्रमांक, छापून खात्री केली.

“मग न्यू आपण कधी लिहायचा?” जवळपास कधीच नाही. अपरिवर्तनीय प्रकारांचा, म्हणजे टपल (न बदलणारी यादी) किंवा संख्येचा, उपक्लास (त्या क्लासवरून बनवलेला नवा क्लास) करायचा तर लागतो, कारण तिथे किंमत जन्माच्या क्षणीच पक्की होते आणि इनिट येईपर्यंत उशीर झालेला असतो. एका सभासद क्रमांकाला एकच ऑब्जेक्ट हवा म्हणून काही जण न्यूमध्ये आधीचा ऑब्जेक्ट शोधून परत देतात. ते मला पटत नाही. न्यूने त्याच क्लासचा जुना ऑब्जेक्ट परत दिला तरी इनिट पुन्हा चालतोच, आणि सभासदाची जमलेली माहिती पुन्हा कोरी होऊ शकते. त्यापेक्षा ‘सभासदवही’ नावाची साधी डिक्शनरी ठेवली. क्रमांक दिला की आतला सभासद मिळतो. वाचणाऱ्याला सरळ दिसतं की इथे शोध चालला आहे, जन्म नाही.

शुक्रवार, ९ मे

जुन्या प्रोग्रामच्या एका फाईलमध्ये कोणीतरी क्लासची सुरुवात करून सोडली होती. तिथे पद्धत अशी, की आधी रिकामी पावती बनवायची, मग पुढच्या ओळींत एकेक करून सभासद, लिटर, फॅट भरायचं. दिसायला निरुपद्रवी. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ती पावती खोटी आहे. मधल्या काळात कोणी तिची रक्कम मागितली तर काय उत्तर द्यायचं? आणि भरणाऱ्याने एसएनएफ विसरलं तर ती कायमची अर्धवट राहणार, आणि ते कळणार दहा दिवसांनी, बिल काढताना.

माझं या बाबतीत ठाम मत आहे: दूधनोंद अस्तित्वात आहे म्हणजे ती पूर्ण आहे आणि बरोबर आहे, याची हमी इनिटने घ्यायची. आकडे अपुरे असतील तर ऑब्जेक्ट कोणाच्या हातात पडायलाच नको. तशी व्यवस्था आज केली. इनिटला सगळे आकडे सक्तीचे, एकालाही आपोआप शून्य नाही. लिटर शून्यापेक्षा जास्त हवेत. जनावर गाय किंवा म्हैस. फॅट आणि एसएनएफ सचिवांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत. काहीही चुकलं की व्हॅल्यूएरर, आणि त्यात कोणता आकडा का नाकारला ते मराठीत.

शून्य नाकारण्याचं कारण संकलनाला उभं राहिल्यावर समजतं. नमुने झाले की मशीन धुण्याचं पाणी ओढतं, आणि त्या वेळीही एक ओळ संगणकाकडे पाठवतं, फॅट ०.०. कोणाचा क्रमांक पडद्यावर राहिला असेल तर ती ओळ त्याच्या नावावर जाणार. आता ती पावती जन्मच घेत नाही.

सचिवांनी मात्र योग्य जागी अडवलं. “नासलेलं दूध परत करतो, त्याची नोंद नको का? उद्या तो म्हणेल मी घातलंच होतं.” हवी. पण तिला दर नाही, रक्कम नाही, फॅट कधी घेतलेलंही नसतं. ती दूधनोंदमध्ये कोंबायची तर सगळ्या अटी सैल कराव्या लागतात. म्हणून ‘परतनोंद’ हा वेगळा क्लास केला: सभासद, लिटर, वेळ आणि कारण. तिच्यात रक्कम नावाची मेथडच नाही, त्यामुळे ती चुकून बिलात येऊ शकत नाही.

रविवार, ११ मे

सभासद हा क्लास भाचीने लिहिला. त्यात कपातींची यादी हवी होती, ती तिने क्लासच्या अंगात, इनिटच्या बाहेर, वरच लिहिली. चाचणीसाठी १०४ च्या नावावर एक पशुखाद्याचं पोतं टाकलं. मग १०५ च्या कपाती छापल्या. तिथेही तेच पोतं. ११२ च्याही. ती गडबडली नाही, आधी तिन्ही याद्यांचे आयडी छापले आणि मग म्हणाली, “यादी एकच आहे, मामा. पण का?”

कारण असं, की क्लासचं अंग एकदाच चालतं. पायथॉन फाईल वाचताना क्लासपाशी येतो, आतल्या ओळी वरून खाली चालवतो, आणि जे बनेल ते क्लासच्या खात्यात ठेवतो. तिथे लिहिलेली रिकामी यादी तेव्हा एकदा बनली. नंतर कितीही सभासद जन्मले तरी ती ओळ पुन्हा चालत नाही. १०४ कडे ‘कपाती’ मागितल्या तर पायथॉन आधी १०४ च्या स्वतःच्या डिक्शनरीत बघतो; तिथे नाहीत म्हणून क्लासकडे जातो, आणि सगळेच क्लासकडे जात असल्यामुळे सगळ्यांना तीच यादी मिळते. इनिट मात्र प्रत्येक जन्माला चालतो. यादी तिथे बनवली की प्रत्येकाला स्वतःची मिळते. हाच प्रकार इनिटच्या कंसात डीफॉल्ट (काही न दिल्यास धरायची किंमत) म्हणून रिकामी यादी दिली तरी होतो, कारण डीफॉल्टही फंक्शन घडताना एकदाच बनतो.

क्लासच्या अंगात काय शोभतं? जे खरोखर सगळ्यांचं एक आहे ते. संस्थेचं नाव, फॅटच्या मर्यादा. आणि तिथेही एक खाचखळगा आहे: एखाद्या ऑब्जेक्टवरून ती मर्यादा ‘बदलली’ तर क्लासची बदलत नाही. त्या ऑब्जेक्टच्या अंगावर त्याच नावाचा नवा अ‍ॅट्रिब्यूट बसतो आणि क्लासचा झाकला जातो. वाचताना पायथॉन वर क्लासकडे जातो, लिहिताना जागेवरच लिहितो.

यावरून सिम्युलाची गोष्ट निघाली. क्लास, ऑब्जेक्ट आणि ‘न्यू’ हा शब्द जिथून आला ती ही भाषा. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगॉर यांनी साठच्या दशकात ती घडवली; क्लास आले ते सिम्युला ६७ मध्ये. त्यांना खऱ्या जगातल्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर चालवायची होती: रांगेत येणारी गिऱ्हाइकं, बंदरात लागणारी जहाजं. प्रत्येक जहाज आपल्या वेळेला येणार, स्वतःचा माल घेऊन, स्वतःच्या गतीने काम उरकून जाणार. अशी अनेक जहाजं एका वर्णनावरून हवीत आणि तरी प्रत्येकाची अवस्था वेगळी हवी, या गरजेतून क्लास निघाला. दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

सिम्युलामध्ये क्लासच्या अंगातल्या ओळी प्रत्येक ऑब्जेक्टच्या जन्माला चालत. वेगळा कन्स्ट्रक्टर, म्हणजे जन्माच्या वेळी चालणारा भाग, नव्हता, अंग हाच कन्स्ट्रक्टर. भाचीने लिहिलं ते तिथल्या मनाने बरोबरच होतं! पायथॉनने अंग क्लासच्या जन्मासाठी राखलं आणि ऑब्जेक्टच्या जन्मासाठी इनिट दिला. हे ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, त्यासाठी पूर्ण दुपार गेली तरी चालेल. आपल्या संकलनासमोरची सकाळची रांग हीसुद्धा तसलीच व्यवस्था आहे.

गुरुवार, १५ मे

दूध तीन वाटांनी प्रोग्राममध्ये येतं. मशीनच्या केबलवरून एक ओळ येते. वीज गेली की हाताने वही लिहिली जाते आणि नंतर कोणीतरी ती टाइप करतं. तिसरी वाट साठवलेल्या डेटाची, ती पुढे बघू. इनिटमध्येच ‘ओळ आली तर अशी फोड, वही असेल तर तशी’ असं लिहायला लागलो तर तो वाचवत नाही. म्हणून इनिट कडक आणि साधा ठेवला, आणि बाहेर क्लास मेथड (ऑब्जेक्ट नसतानाही थेट क्लासवरून चालणाऱ्या) लावल्या:

नोंद = दूधनोंद.मशीनवरून(ओळ, सभासद)
नोंद = दूधनोंद.वहीवरून(रकाने)

दोन्ही आपापल्या परीने आकडे सोडवतात आणि शेवटी क्लासलाच हाक मारतात, म्हणजे इनिटची तपासणी कोणालाच चुकत नाही. मेथडमध्ये दूधनोंद हे नाव थेट लिहायचं नाही, पहिल्या जागेवर जो क्लास येतो त्यालाच हाक मारायची. उद्या उपक्लास केला तर त्याच मेथडमधून उपक्लासचा ऑब्जेक्ट मिळतो. पायथॉनच्या स्वतःच्या डेटटाइममध्ये हीच पद्धत आहे: तारीख मजकुरावरून बनवायची, टाइमस्टॅम्पवरून बनवायची, यासाठी वेगवेगळ्या नावांच्या मेथड. नाव वाचूनच ऑब्जेक्ट कुठून आला ते कळतं.

रविवार, १८ मे

पैसे आणि लिटर यांना फ्लोट (जवळपासची किंमत धरणारी दशांश संख्या) नको, डेसिमल (नेमकी किंमत धरणारी) हवा. आयात करतानाच त्याला ‘दशांश’ असं नाव देऊन टाकलं. इथेही प्रश्न जन्माचाच आहे. दशांश("०.१") मजकुरातून बनवला तर नेमका ०.१ मिळतो. अवतरणचिन्हं काढून फ्लोट दिला, तर फ्लोटमध्ये आधीच शिरलेली चूक प्रामाणिकपणे उतरून येते आणि दशांश चिन्हानंतर अठराव्या जागेपासून ५५५१११५ असे आकडे लागतात. डेसिमल बिघडवत नाही, त्याला बिघडलेलं दिलं जातं. तेव्हा मशीनच्या ओळीतला तुकडा मजकूर असतानाच दशांशला द्यायचा, वाटेत फ्लोट करायचा नाही.

आणखी एक सुखद गोष्ट. वर लिहिलेला "०.१" मराठी अंकांतला आहे आणि तो तसाच चालतो. डेसिमल देवनागरी अंक घेतो, त्याच्या माहितीपत्रातच तसं लिहिलं आहे. वही टाइप करणारी मुलगी मराठी कीबोर्डवर असते. तिला कीबोर्ड बदलायला सांगायची गरज उरली नाही.

पूर्णांकन स्वतः सांगून करायचं. डेसिमल मुळात बरोबर मध्यावरची किंमत सम अंकाकडे वळवतो, ४१२.१२५ चे ४१२.१२ होतात. संस्थेच्या वहीत ४१२.१३ धरतात. वहीप्रमाणे.

बुधवार, २१ मे

आजपासून जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालू, महिनाअखेरीपर्यंत.

दरपत्रकावर बोलायचं राहिलं होतं. दूधनोंद स्वतःत दराचा तक्ता ठेवत नाही, दरपत्रक या ऑब्जेक्टकडे फक्त बोट दाखवते. त्या दिवशी लागू असलेलं एकच दरपत्रक शेकडो पावत्यांमध्ये वाटलेलं. ११ तारखेला सगळ्यांनी एक यादी वाटून घेतली तो घोटाळा होता. इथे वाटून घेणं हेच हवं आहे, फक्त वाटलेली वस्तू कोणी बदलता कामा नये. कारण म्हशीच्या दुधाला दरवाढ झाली आणि सचिवांनी त्याच ऑब्जेक्टमधला आकडा बदलला, तर मागच्या महिन्यात दिलेली बिलंही पुन्हा छापताना वेगळी निघतील. दिलेलं बिल बदलणं म्हणजे संस्थेच्या शब्दाची किंमत घालवणं.

म्हणून दरपत्रक फ्रोझन डेटाक्लास, म्हणजे माहिती धरणारा गोठवलेला क्लास. जन्मल्यावर त्याच्या अ‍ॅट्रिब्यूटला हात लावला की एरर. पण एवढ्याने भागत नाही: आतला तक्ता डिक्शनरी आहे, आणि फ्रोझन फक्त ‘तक्ता’ या नावाला दुसरं काही चिकटवू देत नाही, डिक्शनरीच्या आतला आकडा बदलायला आडकाठी नाही. तेव्हा जन्माच्या वेळी तक्त्याची आधी प्रत घेतली आणि ती फक्त वाचू देणाऱ्या मॅपिंगप्रॉक्सीमध्ये गुंडाळली. प्रत घेणं महत्त्वाचं. नुसती गुंडाळली तर मूळ डिक्शनरी ज्याच्या हातात आहे तो मागून बदलू शकतो.

नवा दर म्हणजे नवा ऑब्जेक्ट, नव्या लागू-तारखेसह. जुना ऑब्जेक्ट जुन्या पावत्यांपाशी तसाच राहतो.

शनिवार, २४ मे

एका सभासदाची तक्रार सचिवांनी सांगितली: “संध्याकाळी दोन कॅन आणले, पावत्या दोन फाटल्या, बिलात एकच येते.” अशी तक्रार आधीही आली होती म्हणे, आणि प्रत्येक वेळी हाताने दुरुस्त केली गेली. जुन्या प्रोग्रामच्या बिलाच्या भागात कारण सापडलं. तिथे एकसारख्या ओळी गाळण्याची एक पायरी आहे. वीज जाऊन आली की मशीन कधी कधी शेवटची ओळ पुन्हा पाठवतं, त्यावर तो उपाय होता. पण एकाच गोठ्यातलं दूध दोन सारख्या कॅनमध्ये ओतलं तर लिटर तेच, फॅट तेच, एसएनएफ तेच येऊ शकतं. प्रोग्रामने ते पुनरावृत्ती समजून गाळलं. दुसऱ्या कॅनचं दूध फुकट गेलं.

दोन ऑब्जेक्ट सारखे असणं आणि एकच असणं, यातला फरक मला यापेक्षा चांगला कोणत्याही धड्यात सापडला नसता. डेटाक्लास मुळात किमतींवरून समानता ठरवतो: सगळे आकडे सारखे, तर दोन्ही ‘बरोबर’. दरपत्रकाला ते ठीक आहे. पण दूधनोंद तशी ठेवली आणि फ्रोझनही केली, तर तिचा हॅशही (ऑब्जेक्ट पटकन शोधायला वापरायचा आकडा) किमतींवरूनच निघतो, आणि संचात (समान गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या ‘सेट’मध्ये) टाकली की दुसरा कॅन पुन्हा गायब. जुनाच दोष नव्या कोडमध्ये. फ्रोझन न केली तर निदान पायथॉन संचात घेतच नाही, टाइपएरर देतो.

दूधनोंदला समानता बंद केली. आता प्रत्येक पावती फक्त स्वतःशीच समान. दोन वेळा कंस लागले म्हणजे दोन जन्म, आतले आकडे कितीही जुळोत.

मग वीज गेल्यावर दुसऱ्यांदा आलेल्या ओळीचं काय? ती ओळ येते तेव्हा तिच्यातून आपोआप पावती करायचीच नाही. मशीनची ओळ पडद्यावर दिसते, संकलनावरचा माणूस कॅन बघतो आणि बटण दाबतो, त्या क्षणी पावती क्रमांक मिळतो आणि ऑब्जेक्ट जन्मतो. कॅन समोर नसेल तर बटण दाबलं जात नाही. जे मशीनला कळत नाही ते माणसाला कळतं, तर निर्णय त्याच्याकडे. नंतर ओळी गाळत बसण्यापेक्षा जन्माच्या वेळीच विचारलेलं बरं.

सोमवार, २ जून

२१ ते ३१ मेची बिलं दोन्ही प्रोग्राममधून काढून सचिवांनी आणि मी ओळीने ताडून पाहिली. फरक निघाला तिथे तिथे संकलनावरच्या पावत्यांच्या स्थळप्रती काढल्या. दोन कॅनवाल्यांची बिलं नव्यात वाढली आणि स्थळप्रतींशी जुळली. काही बिलांत पैशापैशाचा फरक होता, तो फ्लोटचा. सचिव म्हणाले, “दोन कॅनवाल्यांचं मागचंही काढून द्या, देणं लागतो आपण त्यांचं.” स्थळप्रती आहेत तिथपर्यंत मागे जाता येईल.

पावती छापल्यासारखी दिसावी म्हणून डंडर रेप्रही लिहिला. त्याआधी ताडताना एरर आली की पडद्यावर क्लासचं नाव आणि मेमरीचा पत्ता दिसायचा. आता सभासद, तारीख, पाळी आणि आकडे दिसतात.

रविवार, ८ जून

तिसरी वाट: साठवलेला डेटा. सगळ्या नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये आहेत. तिथली ओळ वाचून दूधनोंद उभी करायची तर तोही ऑब्जेक्टचा जन्मच, पण दुधाचा नाही. ते दूध केव्हाच घातलं गेलं आहे, त्याला क्रमांक मिळालेला आहे. इनिटनेच नवा पावती क्रमांक काढला असता तर प्रत्येक वेळी वाचताना जुन्या पावतीला नवा क्रमांक पडला असता. म्हणून क्रमांक इनिटला बाहेरून द्यायचा; नवा क्रमांक काढण्याचं काम संकलनाच्या बटणापाशी, आणि ‘साठ्यातून’ ही क्लास मेथड जुनाच क्रमांक आत देते.

भाचीने सुचवलं की पायथॉनच्या पिकल मॉड्यूलने ऑब्जेक्ट जसेच्या तसे फाईलमध्ये ठेवले तर हे सगळं वाचेल. नको म्हटलं, आणि कारण करून दाखवलं. इनिटमध्ये एक छपाईची ओळ टाकली, ऑब्जेक्ट पिकल करून परत उघडला: ओळ छापलीच गेली नाही. पिकल उघडताना इनिट सहसा चालत नाही, कॉपी मॉड्यूलने प्रत काढतानाही नाही. ऑब्जेक्ट तपासणीला न जाता उभा राहतो. फाईलमध्ये फॅट ०.० झालं असेल तर तसाच. एसक्यूलाइटच्या ओळीतून उभी केलेली पावती मात्र इनिटमधून जाते, आणि बिघडलेला आकडा वाचतानाच सापडतो.

तसा तो आज सापडलाही. फार जुन्या काही ओळींत एसएनएफचा रकानाच रिकामा आहे. तेव्हा नुसत्या फॅटवर दर असायचा असं सचिव सांगतात. इनिटने त्या नाकारल्या, ते योग्यच. त्यांच्यासाठी अट सैल करायची नाही आणि रिकाम्या जागी अंदाजाचा आकडाही घालायचा नाही. ‘जुनीनोंद’ असा क्लास केला: सभासद, लिटर, फॅट, आणि त्या वेळी दिलेली रक्कम जशी वहीत आहे तशी. तिची रक्कम पुन्हा मोजली जात नाही, फक्त दाखवली जाते.

जुन्या वह्या संस्थेच्या माळ्यावर आहेत. उद्यापासून भाची आणि सचिव रोज दुपारी एकेक वही घेऊन त्या ओळी ताडणार आहेत, आणि वहीत ज्यांची रक्कम सापडणार नाही त्यांची यादी माझ्याकडे येणार आहे.